वहीतले शेवटचे कडवे

काही वर्षांपूर्वी, एप्रिलच्या उत्तरार्धात, आम्ही तिघे मराठीचे शिक्षक घाटंजी तालुक्यातील एका गावी गायन पार्टीचा कार्यक्रम ऐकावयास गेलो होतो. जयंतीचा मुख्य दिवस, म्हणजे १४ एप्रिल, होऊन गेला होता. परंतु ज्यांनी यवतमाळ जिल्ह्यात एक तरी उन्हाळा काढला आहे त्यांना ठाऊक आहे, की येथे जयंती एका दिवसात आटोपत नाही. गावे पुष्कळ आणि गाणारी मंडळी मोजकी. तेव्हा ज्या गावाला ज्या रात्री पार्टी मिळेल त्या रात्री त्या गावाची जयंती, असा साधा हिशेब असतो. आम्ही गेलो त्या पार्टीत पाच जण होते. पेटीवर मुख्य गायक, ढोलकीवाला, बेंजोवाला, टाळ घेऊन झील धरणारा एक तरुण, आणि मुख्य गायकाची सून, जी स्वतंत्रपणेही गात होती. आदल्या रात्री ते आर्णीकडे गाऊन आले होते आणि दुसऱ्या दिवशी त्यांना पुसदच्या बाजूला जावयाचे होते.

विहारासमोरच्या मोकळ्या जागेत मंडप होता. दोन्ही बाजूंना माणसाच्या उंचीचे भोंगे रचलेले होते. पहिला दीड तास आम्हाला गाण्यातले शब्द म्हणून काही कळले नाही, हे कबूल केले पाहिजे. ढोलकीचा ठेका छातीत आदळत होता, बेंजोची तार कानात घुसत होती, आणि शब्द त्या दोहोंच्या मध्ये कोठेतरी चिरडले जात होते. आमच्यापैकी एकाने घड्याळ पाहावयास सुरुवातही केली होती. एवढ्यात वीज गेली.

अशा वेळी शहरातला कार्यक्रम थांबतो. येथे तो थांबला नाही. कोणीतरी कंदील आणला, दोघा-तिघांनी मोबाइलचे दिवे लावले, मागची माणसे उठून पुढे सरकली, बायकांनी लेकरांना मांडीवर घेऊन जागा केली, आणि गायकाने अर्धवट राहिलेले कडवे पहिल्या ओळीपासून पुन्हा धरले. ढोलकीवाल्याने हात हलका केला. पुढचा पाऊण तास आम्ही जे ऐकले, त्याविषयी हा लेख आहे.

त्या पाऊण तासात एक लहानसा प्रसंग घडला. गायकाने वामनदादा कर्डकांचे एक गीत घेतले. दुसऱ्या अंतऱ्याशी येताच पुढे बसलेली एक वृद्ध बाई म्हणाली, "दादानं तो शब्द नोता म्हटला, बाबू. दुसरा होता." गायक थांबला. तिने शब्द सांगितला. त्याने तो एकदा तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिला, मात्रा मोजाव्यात तशी पेटीवर बोटे फिरवली आणि म्हणाला, "बरोबर हाय, माय. तुवाच बरोबर हाय." मग तो अंतरा नव्या शब्दासह, म्हणजे खरे तर जुन्या शब्दासह, पुन्हा गाइला गेला. त्या एका शब्दाने ओळीचा कर्ता बदलला होता. आधी जे कोणीतरी देत होते, ते आता लोक स्वतः घेत होते. बाईला अक्षरओळख नव्हती, हे आम्हास नंतर कळले.

साहित्याचे शिक्षक म्हणून आम्ही पाठचिकित्सा शिकवतो. ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी एकनाथांनी केली हे सांगतो, पाठभेद म्हणजे काय ते फळ्यावर लिहून दाखवतो. त्या रात्री कंदिलाच्या उजेडात पाठचिकित्सा प्रत्यक्ष होताना आम्ही पाहिली. संशय उपस्थित झाला, प्रमाण मांडले गेले, छंदाची कसोटी लावली गेली, अर्थाची कसोटी लावली गेली, आणि पाठ निश्चित झाला. फरक एवढाच, की त्याची नोंद कोठेही झाली नाही.

येथून आमच्या मुख्य म्हणण्याकडे वळतो. आमचे म्हणणे असे, की फिरत्या कवि-गायकांच्या परंपरेला आपण मराठीच्या अभ्यासकांनी दोन गोष्टी भरपूर दिल्या आहेत, गौरव आणि दुर्लक्ष. तिसरी गोष्ट, जी देणे हे आपलेच काम होते, ती मात्र दिलेली नाही. ती म्हणजे समीक्षा.

यवतमाळच्या संदर्भात हे बोलण्यास विशेष कारण आहे. १९७३ साली याच शहरात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले आणि त्याचे अध्यक्ष होते ग. दि. माडगूळकर. गदिमांनी कथा लिहिल्या, पटकथा लिहिल्या. परंतु महाराष्ट्राच्या घराघरांत त्यांचे नाव गेले ते गीतकार म्हणून. १९५५-५६ या वर्षात पुणे आकाशवाणीवरून सुधीर फडक्यांच्या संगीतात प्रसारित झालेल्या ५६ गीतांच्या गीतरामायणाने एक प्रश्न कायमचा निकालात काढला होता, असे वाटावे. गाण्यासाठी लिहिलेला शब्द साहित्य असू शकतो, नव्हे, तो साहित्याच्या सर्वोच्च व्यासपीठावर बसू शकतो, यावर यवतमाळातच शिक्कामोर्तब झाले होते.

त्याच १९७३ साली वामनदादा कर्डकांचा 'वाटचाल' हा संग्रह प्रसिद्ध झाला. १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे जन्मलेले, मुंबईच्या गिरणीत राबलेले, वयात आल्यावर अक्षरे शिकलेले वामनदादा १९४३ पासून गीते रचीत आणि गात होते. म्हणजे हा संग्रह हाती येईपर्यंत सुमारे तीस वर्षे त्यांची कविता केवळ आवाजात जगत होती, आणि तरीही ती गावोगाव पाठ होती. 'मोहळ' १९७६ साली आला. १५ मे २००४ रोजी ते गेले, तोवर त्यांनी हजारो गीते रचली होती. एकाच वर्षी एक गीतकार यवतमाळात अध्यक्षपदी बसतो आणि दुसऱ्या गीतकाराचे पुस्तक निघते. पण आपल्या वाङ्मयेतिहासात हे दोन गीतकार एका पानावर क्वचितच भेटतात. हा योगायोगाचा भाग नाही. आकाशवाणीच्या ध्वनिमुद्रण कक्षातून आलेल्या गीताला आपण 'भावगीत' म्हणालो, आणि विहारासमोरून आलेल्या गीताला 'चळवळीचे गाणे'. पहिल्या नावात साहित्यप्रकार आहे. दुसऱ्यात केवळ उपयोग आहे.

असा भेद जगात इतरत्रही होता. २०१६ साली बॉब डिलनला साहित्याचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले, तेव्हा कित्येकांच्या भुवया उंचावल्या. डिलनने आपल्या नोबेल व्याख्यानात या आक्षेपाला मोठ्या सरळपणाने तोंड दिले. गाणी ही वाचण्यासाठी नव्हे तर गाण्यासाठी असतात, जशी शेक्सपिअरची नाटके पानावर वाचण्यासाठी नव्हे तर रंगमंचावर करण्यासाठी होती, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. आपल्याकडे त्या वेळी या निवडीविषयी पुष्कळ लिहिले-बोलले गेले. वर्गात विद्यार्थी विचारीत, सर, गाणे म्हणजे कविता का? आम्हीही उत्साहाने उत्तरे दिली, होमरपासून संतांपर्यंत सगळी नावे घेतली. हा प्रश्न आमच्या खिडकीखालून, गायन पार्टी घेऊन जाणाऱ्या जीपमधून, दर एप्रिलमध्ये जातो आहे, हे मात्र तेव्हा आमच्या ध्यानात आले नाही.

या परंपरेवर जे आक्षेप घेतले जातात, ते टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. त्यांतील दोन विचारात घेण्याजोगे आहेत.

पहिला आक्षेप चालींचा. गायकांच्या वह्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ठाऊक आहे, की गीताच्या डोक्यावर पुष्कळदा 'चाल' असा शब्द आणि पुढे एखाद्या चित्रपटगीताचे नाव असते. उसनी चाल म्हणजे उसनी निर्मिती, असे यावरून सहज म्हटले जाते. परंतु हाच निकष सर्वत्र लावावयाचा ठरवला तर फारसे कोणी शिल्लक राहणार नाही. वूडी गथ्रीच्या 'धिस लँड इज युअर लँड' या सुप्रसिद्ध गीताची चाल कार्टर कुटुंबाच्या एका धार्मिक गीतावरून आलेली आहे. डिलनच्या 'ब्लोइन इन द विंड'च्या मागे गुलामगिरीच्या काळातील एक जुने आध्यात्मिक गीत आहे, हे त्याने स्वतः मान्य केले आहे. आपल्याकडे तर साचा तयार घेणे हीच रीत. ओवी, अभंग, आर्या, लावणी, पोवाडा यांपैकी कोणता साचा कवीने स्वतः घडवला होता? जोतीराव फुल्यांनी १८६९ साली शिवाजीराजांचा पोवाडा लिहिला तो शाहिरांच्या साच्यात. त्यांचे अखंड अभंगाच्या साच्यात उभे राहिले. चाल उसनी घेणे म्हणजे श्रोत्याच्या कानात आधीच घर असलेल्या ठिकाणी आपला शब्द नेऊन ठेवणे होय. ज्याच्याजवळ छापखाना नाही, त्याचा तो छापखाना आहे.

मात्र येथे थांबलो तर आम्ही समीक्षा न करता वकिली केली असे होईल. उसन्या चालीची किंमत असते. चित्रपटगीताची चाल आपल्याबरोबर आपला जुना अर्थ घेऊन येते. शृंगाराच्या चालीवर शोकाचा आशय बसवला, की कधी त्या विसंगतीतून विलक्षण उपरोध निर्माण होतो, तर कधी नुसताच हशा होतो. त्या रात्री ही दोन्ही उदाहरणे आम्ही ऐकली. मुख्य गायकाने लग्नघरात वाजणाऱ्या एका चालीवर कापसाच्या काट्यावरचे गीत गाइले. वजन करणारा, नोंद करणारा, आणि हातात पावती घेऊन उभा असलेला शेतकरी अशी तीन पात्रे त्यात होती. चाल जितकी उडती, तितका शेतकरी गप्प. ऐकणारे प्रथम हसले आणि तिसऱ्या अंतऱ्याला गप्प झाले. त्याच्या पुढचेच गीत तशाच उडत्या चालीवर होते, पण तेथे शब्द चालीच्या मागे फरफटत गेले. यमकासाठी यमक आले, विशेषणांच्या माळा झाल्या. पहिले गीत चांगले आणि दुसरे सामान्य, हे तेथे बसलेल्या प्रत्येकाला कळले. पहिल्याला बक्षिसांच्या नोटा आल्या, दुसऱ्याच्या वेळी पाण्याचे तांबे फिरले. न कळल्यासारखे वागतो ते आपण. आपण एक तर सगळीच गीते थोर म्हणतो, किंवा एकही उघडून पाहत नाही.

दुसरा आक्षेप असा, की सूर काढून घेतले की या गीतांचा शब्द उघडा पडतो; कागदावर ती फिकी दिसतात. हे पुष्कळ अंशी खरे आहे. पण फिके दिसणे हा गीताचा दोष की कागदाचा, हे तपासले पाहिजे. गीतातील ध्रुवपद कागदावर एकदा छापले जाते, फार तर प्रत्येक कडव्यानंतर त्याचा पहिला शब्द देऊन पुढे टिंबे दिली जातात. गाताना ते प्रत्येक अंतऱ्यानंतर परत येते, आणि चांगल्या गीतात ते परत येताना बदललेले असते. शब्द तेच राहतात, पण मधल्या अंतऱ्याने त्यांचा अर्थ हलवलेला असतो. कापसाच्या त्या गीतात ध्रुवपदात केवळ वजनाचा आकडा विचारलेला होता. पहिल्यांदा तो काट्यावरचा प्रश्न होता. दुसऱ्यांदा तो बायकोने घरी विचारला. शेवटी तो कोणी विचारला हे गीताने सांगितलेच नाही, आणि मंडपात जी शांतता पसरली तिने ते सांगितले. टिंबे देऊन छापलेल्या पानावर हे कसे दिसणार? नाटक वाचताना रंगसूचना वाचावी लागते हे आपण शिकवतो. गीत वाचण्याची तशी काही शिस्त आपण घडवली आहे काय?

शब्दाची अशी कसोटी यवतमाळच्या मातीला अपरिचित नाही. दारव्हा तालुक्यातील बोरी अरब येथले शंकर बडे वऱ्हाडी कविता आणि 'बॅरिस्टर गुलब्या' हे एकपात्री घेऊन गावोगाव फिरले. २०१६ साली ते गेले, पण ज्यांनी त्यांना ऐकले आहे त्यांना त्यांची कविता आजही त्यांच्या आवाजातच आठवते. बोलीतील कवितेला उच्चार हेच अर्धे शरीर असते, हे त्यांच्या श्रोत्यांना समजावून सांगावे लागत नव्हते. अमरावतीचे सुरेश भट आपली गझल स्वतः गाऊन सादर करीत, आणि त्यांच्या गझलेची समीक्षा झालीच नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. तेव्हा गाणारा कवी समीक्षेच्या बाहेरच राहतो, असा काही नियम नाही. कोणता गाणारा कवी आत घ्यावयाचा आणि कोणता दाराशी थांबवावयाचा, हे मात्र आपण न बोलता ठरवलेले आहे.

आता एका विसंगतीकडे लक्ष वेधतो. यवतमाळ जिल्ह्यातील महाविद्यालये ज्या विद्यापीठाशी संलग्न आहेत, त्याला संत गाडगेबाबांचे नाव आहे. शेजारच्या नागपूर विद्यापीठाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे. गाडगेबाबा (१८७६-१९५६) आयुष्यभर फिरत राहिले. दिवसा हातात खराटा आणि रात्री कीर्तन, आणि त्या कीर्तनात प्रश्नोत्तरे, उपरोध, लोकांकडूनच उत्तर वदवून घेण्याची कला. तुकडोजी महाराज (१९०९-१९६८) खंजिरी घेऊन स्वतःची भजने गात हिंडले. १९४२च्या आंदोलनात त्यांच्या भजनांचा धसका घेऊन सरकारने त्यांना तुरुंगात टाकले. या दोघांना आजच्या भाषेत काय म्हणावे? एक फिरता सादरकर्ता, दुसरा फिरता कवि-गायक. म्हणजे विदर्भातील दोन विद्यापीठांच्या कमानींवर दोन फिरत्या गळ्यांची नावे कोरलेली आहेत. त्या कमानींखालून आत गेलेल्या विद्यार्थ्याला आपण अलंकार शिकवतो, वृत्ते शिकवतो, आणि हे सारे योग्यच आहे. पण खंजिरीच्या ठेक्यावर भजनाची ओळ कोठे तुटते आणि का तुटते, हे शिकवण्यासाठी आपल्याजवळ परिभाषाही नाही. नाव कमानीवर गेले म्हणून काम आत आले, असे होत नाही.

इतरांना दोष देत राहणे सोपे आहे. म्हणून स्वतःविषयी एक गोष्ट सांगणे आमच्यावर बंधनकारक आहे. त्या कार्यक्रमाच्या बऱ्याच आधी एक विद्यार्थिनी पदव्युत्तर वर्गाच्या लघुप्रबंधासाठी विषय घेऊन आली होती. तिच्या आजोबांनी तरुणपणी गायन पार्टी चालवली होती. त्यांची एक वही घरी होती. दोनशे पानांची, लांबट, हिशेबाच्या वहीसारखी, स्वतःच्या आणि इतरांच्या गीतांनी भरलेली. "सर, यावर लिहू का?" असे तिने विचारले. आम्ही वही चाळली. पुष्कळशी गीते एकसारखी वाटली. अक्षर लावणे कठीण होते. संदर्भग्रंथ मिळणार नाहीत, मार्गदर्शक मिळणार नाही, परीक्षक काय म्हणतील कोण जाणे, अशी कारणे आम्ही पुढे केली आणि तिला एका प्रस्थापित कवीच्या निसर्गप्रतिमांवर लिहावयास सांगितले. तिने लिहिले. चांगले गुण मिळाले. प्रबंध ग्रंथालयात आहे; तो कोणी उघडल्याचे आमच्या माहितीत नाही.

घाटंजीच्या त्या रात्रीनंतर आम्हाला ती वही आठवली. आम्ही तिला शोधून काढून फोन केला. ती आता एका शाळेत शिकवते. आजोबा तीन वर्षांपूर्वी गेले होते. वहीविषयी विचारल्यावर ती थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, की घराचे छप्पर बदलताना सामान बाहेर काढले होते, अवकाळी पाऊस आला, वही भिजली, पाने एकमेकांना चिकटली. "थोडी निघाली, सर. शेवटची चाळीसेक पानं निघाली. पण बऱ्याच गाण्यांचं शेवटचं कडवं पुढच्या पानावर होतं, ते गेलं."

शेवटचे कडवे गेले, याचा अर्थ वाचकांस सांगावयास हवा. या परंपरेत कवीचे नाव शेवटच्या कडव्यात असते. नामा, जनी, तुका यांच्यापासून चालत आलेली ही नाममुद्रा वामनदादांनी सांभाळली, तुकडोजींनी सांभाळली, आणि हजारो अनाम म्हणून गणल्या गेलेल्या गायकांनीही सांभाळली. ते अनाम नव्हतेच. आपली सही त्यांनी गीताच्या पोटात ठेवली होती, कारण मुखपृष्ठ त्यांच्याजवळ नव्हते. तिच्या आजोबांच्या वहीतील कोणते गीत त्यांचे आणि कोणते दुसऱ्याचे, हे आता सांगता येत नाही. हे नुकसान पावसाने केले असे म्हणून सुटता येणार नाही. ती वही दोन वर्षे आमच्या विभागाच्या टेबलावर राहू शकली असती.

आणि नाममुद्रा केवळ पावसानेच जात नाही. ध्वनिफितींच्या काळापासून आजच्या मोबाइलवरील चित्रफितींपर्यंत, गीत कापून लहान करताना पहिली कात्री शेवटच्या कडव्यावर चालते. कधी त्याच जागी गाणाऱ्याचे नाव येते. मूळ कवीला पैसा मिळत नाही, आणि काही दिवसांनी नावही मिळत नाही. ज्या कवीजवळ पुस्तक नाही, त्याच्याजवळ त्या एका ओळीखेरीज दुसरा पुरावा नसतो. म्हणून हा प्रश्न रसिकतेपुरता राहत नाही, तो हक्काचाही होतो.

मग करावयाचे काय? मोठ्या योजना सुचवण्याचा आमचा अधिकार नाही. काही निष्ठावंत संग्राहकांनी स्वतःच्या खिशाला चाट लावून वामनदादांची आणि इतरांची गीते जमवली, छापली. मराठी विभागांनी जे करावयास हवे होते ते त्यांनी केले, हे ऋण मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. त्यांच्या पुढचे काम वर्गातून सुरू होऊ शकते. पदव्युत्तर वर्गातील प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या गावच्या वा शेजारच्या गावच्या एका गायकाची दहा गीते उतरवून आणावीत. गायकाला विचारून, त्याच्या संमतीने, आणि त्याची एक प्रत त्याच्या घरी देऊन. प्रत्येक गीताखाली चाल कोणती, कोठे आणि केव्हा ऐकले, शेवटच्या कडव्यात कोणाचे नाव होते, आणि दुसऱ्या गायकाने तेच गीत गाताना कोणता शब्द बदलला, एवढे लिहावे. ध्रुवपद प्रत्येक वेळी पूर्ण लिहावे, टिंबे देऊ नयेत. आणि मग त्या दहांपैकी कोणती दोन गीते श्रेष्ठ, कोणती तीन सामान्य, आणि का, यावर दोन पाने लिहावीत. शेवटची अट आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. संग्रह करणे म्हणजे जपून ठेवणे; निवड करणे म्हणजे गांभीर्याने घेणे. ज्या कवितेला कोणी वाईट म्हणू शकत नाही, तिला चांगली म्हणण्यालाही अर्थ उरत नाही.

एक सावधगिरीही नोंदवणे आवश्यक आहे, कारण हा लेख लिहिताना आम्हीच त्या मोहात पडलो होतो. विजेविना, भोंग्याविना, नुसत्या पेटी-ढोलकीवरचे गाणे हेच काय ते शुद्ध, आणि बाकीचे भ्रष्ट, असे आम्हास त्या रात्री वाटू लागले होते. पाऊण तासाने वीज आली. भोंगे पुन्हा गरजले आणि आमच्या तोंडून हळहळ बाहेर पडली. कार्यक्रम संपल्यावर, रात्री दीडच्या सुमारास, चहा घेताना आम्ही गायकाला म्हणालो, की तुम्ही लाइट गेल्यावर गाइलात ते फार उत्तम होते, तसेच का गात नाही? तो हसला. "सर, तुमी समोर खुर्चीवर बसले होते, तुमाले ऐकू आलं. मांगं झाडाखाली उभ्या होत्या त्या बाया काहून घरी गेल्या, पाह्यलं का? त्याईले ऐकू नोतं येत."

आम्ही पाहिले नव्हते. शब्द आम्हाला कळू लागले त्याच क्षणी ते आणखी कोणाला कळेनासे झाले होते, ही गोष्ट आमच्या आनंदात आमच्या नजरेतून सुटली होती. त्याच्या दृष्टीने भोंगा हा शेवटच्या माणसापर्यंत पोहोचण्याचा मार्ग होता. शब्द भोंग्यात चिरडला जातो हे त्यालाही कळत होते. मध्यममार्ग म्हणून पहिली दोन गीते तो मुद्दाम सर्वांना पाठ असलेली घेतो, असे त्याने सांगितले. ऐकू आले नाही तरी श्रोता मनात शब्द भरून घेतो. ही काव्यशास्त्राची गोष्ट आहे आणि ती आम्ही कोणत्याही पुस्तकात वाचलेली नव्हती.

यवतमाळात २०१९च्या जानेवारीत पुन्हा साहित्य संमेलन भरले. आमंत्रण, नकार आणि निषेध यांनी ते गाजले, आणि अखेरीस उद्घाटन केले ते याच जिल्ह्यातील वैशाली येडे या, पतीच्या आत्महत्येनंतर स्वतः उभ्या राहिलेल्या शेतकरी स्त्रीने. त्या दिवशी व्यासपीठावरून जो आवाज आला त्याने सभागृह हलले, असे अनेकांनी लिहिले. आमच्या मनात तेव्हापासून एक प्रश्न आहे. तो आवाज आपण प्रसंगाची निकड म्हणून ऐकला, की वाङ्मय म्हणून? आणि या दोहोंत भेद करावयाचा झाल्यास तो आपण कोणत्या आधारावर करणार?

आमच्या विद्यार्थिनीने वाचलेली चाळीस पाने आम्हाला आणून दिली आहेत. ती सुटी करून, वाळवून, आम्ही उतरवून घेत आहोत. काही गीतांची दुसरी रूपे तालुक्यातील जुन्या श्रोत्यांच्या तोंडी मिळत आहेत. त्यांतील दोन गीतांची शेवटची कडवी एका वृद्ध बाईंनी पूर्ण करून दिली. एकात तिच्या आजोबांचे नाव होते. दुसऱ्यात नव्हते, ते गीत दुसऱ्याच कोणाचे होते, आणि त्याचे नाव आम्ही तेथे लिहून ठेवले आहे.